एक मैल उत्तरेला

तक्रारदार : प्रस्तुत लेखक. धंदा अर्जनवीस, शिक्षण मराठी चौथी, वय पंचेचाळीसच्या आसपास, बैठक कचेरीच्या आवारातील चिंचेखाली.

अन्यायग्रस्त इसम : त्याच कचेरीच्या नकाशा शाखेतील आरेखक, ज्यांना सारा तालुका आबा म्हणत असे. त्यांचे पूर्ण नाव मुद्दाम लिहिलेले नाही, कारण त्यांची परवानगी घेतलेली नाही.

सामनेवाला : निवेदनाच्या ओघात पुढे येईल.

काळ : महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरचा तिसरा हिवाळा, पौषापासून होळीपर्यंत.

साक्षीदार : एक, वेस्ता, राहणार सातपुड्यातील नऊ घरांचा एक पाडा. दोन, आबांची थोरली बहीण, राहणार तापीकाठ. तीन, कचेरीचा शिपाई, जो आज हयात नाही. परंतु त्याने पाहिले ते पाहिलेच.

निवेदन येणेप्रमाणे :

आबा तापीकाठच्या गुजर शेतकरी घरातले. भाऊ कापूस आणि केळी लावीत. हे मात्र लहानपणापासून ओट्यावर कोळशाने बांध काढीत बसत, असे त्यांची बहीण सांगे. कचेरीत त्यांचे टेबल सर्वांच्या टेबलांशी तिरपे होते. इतरांची टेबले भिंतीला धरून, आबांचे उत्तरेला धरून. नकाशाची उत्तर आणि पृथ्वीची उत्तर एका दिशेला असल्याखेरीज ते टाक उचलत नसत. त्यामुळे त्यांची पाठ दाराकडे येई आणि आत येणाऱ्या वरिष्ठांस प्रथम आबांच्या सदऱ्याचे ठिगळ दिसे. यावरून दोन साहेबांनी त्यांना बोल लावला. दोन्ही वेळा टेबल सरळ झाले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिरपे.

डावे आणि उजवे हे शब्द त्यांच्या तोंडी मी कधी ऐकले नाहीत. माझ्या बैठकीवरून जाताना ते म्हणत, तुझी दौत उगवतीकडे सरकव, कोपर लागेल. एकदा माझ्या मिशीचा मावळतीकडचा भाग लांब झाला आहे असे त्यांनी भर आवारात सांगितले, आणि मी घरी जाऊन आरशासमोर बराच वेळ दिशा लावीत बसलो.

आवारात ताटकळलेल्या प्रत्येक माणसाला ते एक प्रश्न विचारीत : दारात उभा राहिलास की सकाळचा सूर्य कोणत्या खांद्यावर येतो, आणि नदी कोणत्या हाताला? माणूस हाताने दाखवी. मग आबा आत जाऊन नकाशात त्या गावावर नजर टाकीत आणि समाधानाने, किंवा असमाधानाने, मान हलवीत. दस्तऐवज साक्षीदारांकडून तपासून घ्यावेत हे मी व्यवसायामुळे जाणतो. परंतु जमिनीलाही साक्षीदार असतात हे मी आबांकडून शिकलो.

नकाशाला हात लावण्यापूर्वी हात धुवावे लागत. त्यासाठी दाराशी तांब्या आणि पंचा ठेवलेला असे. नवे साहेब रुजू झाले त्या दिवशी थेट टेबलाशी येऊन त्यांनी एका गावावर बोट ठेवले. आबांनी ते बोट मोठ्या अदबीने उचलले, साहेबांना दाराशी नेले आणि स्वतः तांब्याने पाणी घातले. साहेब इतके गोंधळले की त्यांनी दोन्ही हात धुतले. ही हकीकत शिपायाने मला चारदा सांगितली आणि प्रत्येक वेळी साहेबांचे हात अधिक मळके होत गेले.

अशा या माणसाच्या टेबलावर त्या पौषात विमानाचा तक्ता आला.

तक्त्याचा खुलासा करणे भाग आहे. आदल्या वर्षी नर्मदेपासून तापीपर्यंतच्या आमच्या पट्ट्यावरून सरकारी विमान फिरले होते आणि त्याने वरून छायाचित्रे घेतली होती. ती पाहून वरच्या कचेरीत कोणी विद्वानांनी सर्व मुलखाचे मैलभर लांब व मैलभर रुंद असे चौक पाडले आणि प्रत्येक चौकाला एक आकडा दिला. जंगल असेल तर एक, कसलेली जमीन असेल तर दोन, पाणी असेल तर तीन, आणि आपल्या हद्दीबाहेर असेल तर शून्य. आकड्यांच्या ओळी उत्तरेकडून दक्षिणेकडे, एकीखाली एक, लिहिलेल्या होत्या. आबांनी आपल्या नकाशावर तसेच चौक आखावयाचे, ओळीने आकडे भरावयाचे आणि रंग द्यावयाचे. एकाला हिरवा, दोनाला पिवळा, तिनाला निळा.

हे काम दिसते तितके निरुपद्रवी नव्हते. डोंगरातील ज्या चौकात हिरवा येईल तो बंद जंगलात जाणार होता आणि तेथील नांगर थांबणार होता. ज्यात पिवळा येईल तेथील कसणाऱ्यांची नोंद होणार होती. होळीच्या आत नकाशा जिल्ह्याला जावयाचा होता.

मूळ तक्ता पातळ कागदावर टंकलिखित, एकच प्रत, आणि ती आठ दिवसांत परत करावयाची. नक्कल करणारा कारकून तापाने आजारी होता. साहेबांनी खिडकीतून चिंचेकडे पाहिले आणि मला बोलावणे पाठवले. माझे अक्षर तालुक्यात सर्वोत्तम आहे, हे मी सांगत नाही, लोक सांगतात. मी तीन दिवस बसून नक्कल केली, ओळींना क्रमांक दिले, खाली ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ असे लिहिले आणि सही केली. आबांनी ती पाहून म्हटले की आकडे इतके सुबक आहेत की त्यांना रंग देण्यास जीव होत नाही. ती प्रशंसा मी कित्येक दिवस पुरवून पुरवून वापरली.

माघाच्या सुरुवातीस रंग भरून झाले आणि तापी नदी एक मैल उत्तरेला सरकली. जुन्या नकाशातील नदीची रेघ होती तेथे पिवळा रंग, आणि तिच्या वरच्या अंगास, केळीच्या बागांत, निळा पट्टा. साहेबांचे मत पडले की नद्या पात्र बदलतात, पूर आला असेल, विमान खोटे कशाला सांगेल. साहेबांशी आबा नेहमी शाळेतल्या मराठीत बोलत. ते म्हणाले, “साहेब, त्या चौकात माझी बहीण राहते. गेल्या आठवड्यात मी तिच्या ओट्यावर चहा घेतला. तेव्हा तेथे पाणी नव्हते.”

साहेबांनी सांगितले की एका बहिणीसाठी सरकारी नकाशा थांबत नसतो.

त्याच सुमारास वेस्ता माझ्या बैठकीवर आला. पन्नाशीचा, काटक, खांद्यावर कांबळे. आपल्या पाड्यावर तो शब्द टाकी तो शेवटचा समजला जाई. कचेरीत नव्या नकाशात त्याच्या पाड्याची शेते हिरवी आली आहेत हे त्याला डोंगराच्या पायथ्याशी, खापर गावच्या बाजारात, कोणी सांगितले होते. बाजारात बोलतात त्या अहिराणीत तो म्हणाला, “कागदमा जंगल लिखेल शे म्हनतस. मंग मी पेरेल ज्वारी कोठे उगनी?”

मी त्याला तीन पानी अर्ज लिहून दिला. त्यात ‘पिढ्यान् पिढ्या’ हा शब्द पाच वेळा आणि ‘मायबाप सरकार’ सात वेळा होता. तो अर्ज घेऊन आम्ही आबांकडे गेलो. आबांनी अर्जाचा एक शब्द वाचला नाही. त्यांनी वेस्ताला सूर्य आणि खांदा विचारला, नंतर नाला, नंतर कडा. मग नकाशाकडे पाहत कितीतरी वेळ उभे राहिले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, “चूकले बी पाय ऱ्हातस, भो. ती कोनती कडे चालनी, ते देखानं.” चुकीलाही पाय असतात, असे त्यांचे म्हणणे.

त्यांनी तीन दिवसांची रजा मागितली आणि मला सोबत घेतले. मी का गेलो याचे खरे कारण असे की त्यांनी मला विचारले. आजवर मला डोंगरात कोणी सोबत म्हणून विचारले नव्हते. खापरपर्यंत मोटार, तेथून वेस्ताच्या मागे अर्धा दिवस पायी. माझ्या नव्या वहाणांनी दोन्ही टाचा सोलून काढल्या. आबा माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, पण नकाशाची गुंडाळी पाठीला बांधून पावले मोजीत चालले होते, आणि मी कण्हलो की त्यांची मोजणी चुकते म्हणून मला कण्हण्याचीही बंदी होती.

पाड्यावर पोहोचलो तेव्हा शेतात ज्वारीची धसकटे उभी होती. आबांनी नकाशा जमिनीवर पसरला, चार कोपऱ्यांवर धोंडे ठेवले आणि उत्तर जुळवली. नकाशात या शेतावर हिरवा होता. आणि पिवळा, म्हणजे कसलेली जमीन, एक चौक वर. आबांनी मान वर केली. समोर, नाल्यापलीकडे, मैलभरावर, सरळ तुटलेला काळा कडा उभा होता. वेस्ताची बायको भाकरीची टोपली घेऊन आली होती. तिला प्रकार कळल्यावर ती आपल्या बोलीत काही म्हणाली आणि भोवतालच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. वेस्ताने अर्थ सांगितला : त्या कड्यावर आमची बकरी जात नाही, तेथे सरकार नांगर धरणार आहे का?

मग आबांनी वेस्ताला नकाशात आपला नाला दाखवावयास सांगितले. तो हात पुढे करून थांबला. त्याच्या बोटांना माती होती, आणि कचेरीच्या दाराशी तांब्या असतो हे त्याने पाहिलेले होते. त्याने पाण्यासाठी इकडेतिकडे पाहिले.

“आज हात धुवाना नही,” आबा म्हणाले. “जठली माटी शे, तठेच ते बोट ठेव.”

वेस्ताने बोट ठेवले. मातीचा ठसा उमटला, तो आबांनी पुसला नाही. अर्जनवीस म्हणून मी हजारो अंगठे घेतले आहेत, शाई लावून, कपड्याने पुसून. इतका खरा ठसा माझ्या कोणत्याही अर्जावर नाही.

परत येताना आबा आनंदात होते, आणि मला त्याचा राग येत होता, कारण माझ्या टाचांतून रक्त येत होते. त्यांनी समजावले. बहिणीचे घर एक चौक चुकलेले, वेस्ताचे शेत एक चौक चुकलेले, वाटेत पाहिलेले तळेही एकच चौक चुकलेले, आणि तिन्ही ठिकाणी चूक उत्तरेकडेच गेलेली. एखादाच चौक चुकला असता तर हात चुकला म्हणावे. सगळे एका दिशेने सारखे चालले असतील तर मुळाशी काहीतरी एकच आहे. ते सापडले की सर्व एकदम जागेवर येईल.

कचेरीत आल्यावर त्यांनी प्रथम स्वतःवर संशय घेतला, ही गोष्ट माझ्या साक्षीदारांनी लक्षात ठेवावी. चौक आखताना पहिली रेघ चुकीच्या कोपऱ्यावरून धरली का, हे त्यांनी टाचणीच्या भोकांवरून तपासले. बरोबर निघाले. थंडीने कागद आक्रसला का, हे मोजले. आक्रसला होता, पण गव्हाच्या दाण्याइतका. आकडा चौकाच्या पोटाचा की कोपऱ्याचा, हाही प्रश्न त्यांनी स्वतःला घातला. तसे असते तर चूक अर्ध्या चौकाची झाली असती, पुऱ्या नव्हे. प्रत्येक संशय ते एका चिठ्ठीवर लिहीत आणि फिटला की त्यावर फुली मारीत. शेवटी एकच चिठ्ठी उरली. तीवर ‘तक्ता’ असे लिहिले होते. त्यांनी जिल्ह्याला पत्र लिहून मूळ प्रत पुन्हा मागवली.

ती आली तेव्हा दुपारच्या चहाची वेळ होती. खोलीत कोणी नव्हते. आबांनी मला आत बोलावले. मूळ तक्ता आणि माझी नक्कल शेजारी शेजारी होती.

“हाई ओळ कोठे गई?”

त्यांचे बोट मूळ तक्त्याच्या सर्वात वरच्या ओळीवर होते. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती शून्ये.

आता सामनेवाला कोण ते सांगितले पाहिजे. अर्जनवीसाच्या धंद्यात एक नियम असतो, जो मला माझ्या गुरूंनी पहिल्या दिवशी शिकवला : कागदात रिकामी ओळ सोडू नये, उद्या कोणी तीत काहीही घुसडील. ती ओळ मला रिकामी वाटली. वीस वर्षे मी लोकांच्या कागदांतील रिकाम्या जागा बंद करीत आलो होतो. सरकारच्या कागदातीलही केली. तक्ता नेटका दिसावा म्हणून खालच्या ओळींना एकपासून नवे क्रमांक दिले. त्यामुळे काही गाळले आहे असा मागमूस उरला नाही, आणि सारा मुलूख, डोंगर, नदी, वेस्ताची ज्वारी आणि आबांची बहीण, एक ओळ वर सरकला.

“ती रिकामी व्हती, आबा,” मी म्हणालो. “नुसती शून्यं.”

“रिकामी नही, भो. ती नर्मदापल्याडनी जमीन शे. आपली नही, म्हनीसन शून्य. पन जमीन ते शेच ना तठे?”

ते रागाने बोलले नाहीत. एखाद्या मुलखाची ओळख करून द्यावी तसे बोलले. मी नकलेच्या खालच्या माझ्या सहीकडे पाहत होतो. ‘अस्सल बरहुकूम’. खोट्या नकलेवर सही करणाऱ्या अर्जनवीसाचा परवाना जातो, हे मला पाठ होते. मराठी चौथी झालेल्या माणसाला परवाना गेल्यावर चिंचेची सावलीही राहत नाही. आबांनाही ते पाठ होते.

त्यांनी नवा कागद ताणला. सात दिवसांत संपूर्ण नकाशा नव्याने काढला, वरची शून्यांची ओळ धरून. तापी आपल्या पात्रात गेली. वेस्ताचा चौक पिवळा झाला आणि कडा हिरवा. नकाशा होळीच्या चार दिवस आधी जिल्ह्याला गेला, आणि त्या नऊ घरांची नोंद झाली ती आजपर्यंत कायम आहे.

सोबतच्या खुलाशात आबांनी लिहिले : पहिली ओळ भरण्याचे आरेखकाच्या नजरचुकीने राहून गेले. माझी नक्कल त्यांनी कोणाच्या नजरेस पडू नये म्हणून रद्द नकाशाच्या गुंडाळीत घालून बांधून टाकली. मी विचारले तेव्हा म्हणाले, “तुन्हा परवाना गया ते तू काय करशी? मन्ही फक्त बदली व्हई. जमीन समदीकडे शे.”

साहेब त्यांना खोलीत उभे करून बोलले तेव्हा खिडकी उघडी होती. मी चिंचेखाली एका म्हाताऱ्याचा वारसाचा अर्ज लिहीत होतो. साहेबांचा एकेक शब्द ऐकू येत होता : बेपर्वाई, वेळेचा नाश, वरिष्ठांना तोंडघशी पाडणे. चार पायऱ्या चढून आत जावयाचे आणि एक वाक्य बोलावयाचे, एवढेच काम होते. दिवसाला शंभर वाक्ये लिहिणाऱ्या माणसाला ते जमले नाही. म्हाताऱ्याने विचारले, थांबलास का? मी पुढे लिहू लागलो.

आबांच्या नोकरीच्या पुस्तकात ‘कामात हलगर्जी, जबाबदारीच्या पदास अयोग्य’ असा शेरा पडला. त्या वर्षी मिळावयाची मुख्य आरेखकाची जागा दुसऱ्यास गेली, आणि त्यांची बदली वऱ्हाडाच्याही पलीकडे झाली. निघण्याच्या दिवशी मी त्यांची ट्रंक मोटारीपर्यंत नेली. वेस्ता डोंगरातून मोहाच्या फुलांची पुरचुंडी घेऊन आला होता. आबा आपल्यामुळे जात आहेत असे त्याला वाटत होते, म्हणून तो रडत होता. ते माझ्यामुळे जात होते आणि मी रडत नव्हतो. मोटारीत बसण्यापूर्वी आबांनी उत्तर कोणीकडे ते पाहिले आणि त्याप्रमाणे बाक निवडला.

तेव्हापासून दर दिवाळीस त्यांचे एक कार्ड येते. त्यात वेस्ताची ज्वारी कशी आली आणि नाल्याला पाणी किती, एवढेच विचारलेले असते. मी दर वर्षी सविस्तर उत्तर देतो आणि शेवटी शेऱ्याचा विषय काढतो. पुढील कार्डात त्या विषयास उत्तर नसते.

गेल्या वर्षी मी वरच्या कचेरीस स्वतःविरुद्ध रीतसर अर्ज केला. चूक माझी, नक्कल माझी, सही माझी असे कलमवार लिहिले. उत्तर आले की संबंधित कर्मचाऱ्याची स्वतःची काही तक्रार नाही, आणि तिऱ्हाइताच्या अर्जावर विचार करता येत नाही. आबा येत्या आषाढात निवृत्त होत आहेत. त्यानंतर ते पुस्तक बंद होईल आणि शेरा जन्माचा राहील. लोक विचारतात, जुन्या गोष्टी आता कशाला? त्यांना माझे एवढेच सांगणे की, वेस्ताला आपले शेत परत मिळाले, नदीला पात्र मिळाले, माझा परवाना राहिला. ज्याने प्रत्येकाला आपापल्या जागी नेऊन बसवले तो एकटा चुकीच्या जागी आहे.

सबब, हे निवेदन छापून एक प्रत आबांना पाठवीत आहे. त्यांस विनंती येणेप्रमाणे :

आबा, आपल्या वतीने शेरा रद्द करण्याचा अर्ज मी लिहिला असून तो सोबत जोडला आहे. एका पानाचा आहे. त्यात मायबाप सरकार एकदाही नाही. माझ्या हातून कोणती ओळ गळाली ते स्पष्ट लिहिले आहे, आणि मी ती का गाळली हेही. आपणास काही लिहावयाचे नाही. फक्त खाली सही करून तो परत पाठवावा. परवान्याची काळजी करू नये, मी तो अर्जासोबत जमा करीत आहे. वेस्ताची ज्वारी यंदा चांगली आहे, नाल्याला माघापर्यंत पाणी होते. आपल्या प्रश्नांची उत्तरे झाली. आता माझ्या प्रश्नाचे, आषाढाच्या आत, कृपा करून उत्तर द्यावे.

कळावे, ही विनंती.